महाबळेश्वर एका दिवसात होईल का?

प्रश्न : आम्ही पुण्यात राहतो, आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. यांचं म्हणणं रविवारी पहाटे निघून महाबळेश्वर करून रात्री परत. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि धाकट्याला घाटात गाडी लागते. जमेल का?

उत्तर : ताई, जमेल हो, पण बघणार काय? पुढच्या गाडीची नंबरप्लेट. पुण्याहून महाबळेश्वर साधारण सव्वाशे किलोमीटर, त्यात रविवार म्हणजे खंबाटकीत रांग, पाचगणीत रांग, वर पॉइंटवर पार्किंगसाठी परत रांग, सासूबाई दिवसभर गाडीतच बसून राहतील.

त्यापेक्षा सुरूर फाट्याला वळा आणि वाईलाच थांबा. आधी ढोल्या गणपती, पेशव्यांचे सरदार रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलेलं देऊळ, कृष्णेच्या अगदी काठावर, म्हणून मागची भिंत माशासारखी निमुळती केलीये, पुराचं पाणी दोन्ही बाजूंनी फुटून जावं म्हणून. मुलांना आधी मागच्या बाजूने दाखवा, मग मूर्ती.

तिथून मेणवली तीनेक किलोमीटर, नाना फडणवीसांचा वाडा आणि त्याच्यामागे चंद्रकोरीसारखा घाट. तिथली मोठी घंटा मुळात चर्चची आहे, चिमाजी अप्पांनी १७३९ ला पोर्तुगीजांकडून वसई घेतली त्या मोहिमेतून आलेली, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू कोरलेत आणि टांगलीये शंकराच्या देवळापाशी! घाटाला पायऱ्या आहेत, सासूबाईंना उतरवू नका, वरच सावलीत बसवा, फोल्डिंग खुर्ची डिकीत टाका. डबा इथेच खा, कचरा परत न्या प्लीज.

वेळ उरला तर धोम, तिथल्या देवळात कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी आहे, जवळच धरण. मुलं अजून शाळेचं पुस्तक वाचल्यासारखी तोंडं करत असतील तर पसरणी घाट चढून पाचगणीचं टेबललँड करा, पण धाकट्याला पुढच्या सीटच्या मागे मोबाईल देऊन बसवू नका, खिडकीतून लांब बघायला लावा, पोट गच्च भरू नका, आणि गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारून निघायच्या आधीच द्या, घाट सुरू झाल्यावर उपयोग नाही. पावसाळ्यात पसरणीत धुकं दाट असेल तर सरळ रद्द करा, यांनी कितीही "अरे होतंय" म्हटलं तरी.

परतताना चारलाच निघा. येताना खंबाटकीचा बोगदा लागतो, घाट नाही, त्यामुळे पोरगं झोपेल.