चिकानो म्हणजे नेमके कोण?

प्रश्न : अमेरिकेविषयीच्या एका लेखात मी ‘चिकानो’ हा शब्द वाचला. मेक्सिकोतून आलेल्या कुटुंबांतले अमेरिकन लोक, असा त्याचा अर्थ बाबांनी सांगितला. मग त्यांना सरळ मेक्सिकन किंवा अमेरिकन का म्हणत नाहीत? – इयत्ता सहावीतील एक वाचक

उत्तर : बाबांनी सांगितलेला अर्थ बरोबर आहे, पण थोडा अपुरा आहे, कारण काही चिकानो कुटुंबे कुठूनही ‘आलेली’ नाहीत. आजचे कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको हे प्रदेश पूर्वी मेक्सिकोत होते. युद्धात हरल्यामुळे १८४८ च्या तहाने मेक्सिकोला ते अमेरिकेच्या हवाली करावे लागले आणि तिथल्या माणसांचा देश घर न सोडताच बदलला. ‘आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमेनेच आम्हाला ओलांडले’ असे चिकानो म्हणतात, ते त्यामुळेच. कामाच्या शोधात मेक्सिकोतून आलेल्यांची भर नंतर पडत गेली.

‘चिकानो’ हा शब्द बराच काळ हिणवण्यासाठी वापरला जाई. १९६० च्या दशकात हक्कांसाठी चळवळ करणाऱ्या तरुणांनी तोच शब्द अभिमानाने स्वतःला लावून घेतला. म्हणजे हे नाव जन्मासोबत आपोआप मिळत नाही, ते आपण होऊन घ्यावे लागते. मेक्सिकन वंशाचे कितीतरी अमेरिकन आजही ते घेत नाहीत. स्त्रिया स्वतःला ‘चिकाना’ म्हणवतात.

या चळवळीत तुझ्याहून थोडीच मोठी मुले पुढे होती, हे तुला विशेष वाटेल. शाळेत स्पॅनिश बोलले की शिक्षा होई, इतिहासाच्या पुस्तकांत त्यांच्या पूर्वजांना जागा नसे आणि महाविद्यालयाऐवजी अंगमेहनतीच्या कामांकडेच त्यांना वळवले जाई. म्हणून मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसमधील हजारो विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर आले.

कॅलिफोर्नियातल्याच सॅन डिएगो शहराची गोष्ट मला त्याहूनही आवडते. तिथे महामार्ग आणि मोठा पूल बांधताना चिकानोंची वस्ती चिरली गेली. पुलाखालची जागा बागेसाठी मिळेल असे त्यांना वाटत होते, पण २२ एप्रिल १९७० रोजी तिथे पोलीस ठाण्यासाठी बुलडोझर आले. लोकांनी जागा अडवून धरली, झाडे लावली आणि अखेर बाग मिळवली. तिचे नाव ‘चिकानो पार्क’. ज्या पुलाने वस्ती चिरली, त्याच्याच खांबांवर आज मेक्सिकोच्या प्राचीन ॲझ्टेक संस्कृतीतील आकृती आणि शेतमजुरांच्या लढ्याची प्रचंड रंगीत चित्रे आहेत.