कविता लिहितो, नाटक-सिनेमासाठी गीतकार व्हायचं तर सुरुवात कुठून करू?

कवितांची वही घेऊन संगीतकारांकडे जाऊ नका. त्यांना बघायचं असतं ते एकच, दिलेल्या चालीत तुम्हाला शब्द बसवता येतात का. सिनेमात बहुतेक वेळा चाल आधी येते. याला नाकं मुरडण्यात अर्थ नाही. १९११ च्या ‘मानापमान’ या संगीत नाटकाची पदंही खाडिलकरांनी संगीतकार गोविंदराव टेंब्यांच्या चालींवर लिहिली होती.

चाल मोबाईलवर ‘ला ला’ किंवा काहीतरी निरर्थक शब्दांत गाऊन आलेली असते. आधी टाळी धरून ऐका. ओळीच्या मात्रा मोजा. सम (तालाची पहिली मात्रा) कुठे येते, सूर कुठे लांबतो, गायक श्वास कुठे घेईल, तिथे खुणा करा. लांबणाऱ्या सुरावर आ, ई, ए, ओ यांपैकी स्वर हवा. ‘गगन’वर सूर थांबला की गायक नकळत त्याचं ‘गगना’ करतो. ‘गगनी’ लिहिलंत तर अर्थही राहतो आणि सुरालाही जागा मिळते. जुन्या गाण्यांत वनी, मनी, नभी इतके का भेटतात, त्याचं एक कारण हेच असावं. जलद जागी जोडाक्षरं टाळा, जीभ अडखळते. शब्द तुटतोय का तेही पाहा: ‘कातर वेळी’मध्ये ‘का’नंतर सूर थांबला तर लोकांना ‘का तर वेळी’ ऐकू येतं. कागदावर यातलं काहीच दिसत नाही, म्हणून बेसूर असलात तरी स्वतः गाऊन रेकॉर्ड करा. आधी मुखड्याचे तीन-चार पर्याय द्या, अंतरे तो पक्का झाल्यावर. आणि मात्रा कमी पडल्या म्हणून ‘रे’, ‘गं’ घुसवू नका. ही भरती कुणालाही कळते.

नाटकाचं गणित वेगळं. प्रेक्षक ओळ एकदाच ऐकतो आणि नट संवाद संपवून त्याच दमात गायला लागतो. पहिली ओळ लांबलचक असेल तर तिथेच श्वास तुटतो. शास्त्रीय अंगाचं पद असेल तर शब्द कमीच ठेवा, आलाप-तानांना जागा लागते. किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’मध्ये (१८८०) दोनशेच्या आसपास पदं होती, आज जे पद काढल्यावर प्रवेश अडत नाही ते तालमीतच कापलं जातं. पदं नाटककारानेच लिहायची असंही नाही. ‘मत्स्यगंधा’ची बहुतेक कानेटकरांनी स्वतः लिहिली, पण ‘हे बंध रेशमाचे’ रणजित देसाईंचं आणि पदं शांता शेळके यांची.

कॉलेजात असाल तर पुण्याची फिरोदिया करंडक स्पर्धा पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेपेक्षा तुमच्या जास्त कामाची, तिथे गाणं-नाच-वादन सगळं चालतं. नसाल तर राज्य नाट्य स्पर्धेतल्या संगीत नाटकांचे हौशी संघ गाठा, बालनाट्यवाल्यांना विचारा. जमल्यास तुमच्याच वयाचा नवा संगीतकार शोधा. नामवंतांपेक्षा तोच तुम्हाला लवकर काम देईल.

आता पैसे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यानुसार सिनेमातल्या गाण्याच्या, सिनेमागृहातलं प्रदर्शन सोडून इतर वापराच्या रॉयल्टीतला, हक्क घेणाऱ्याच्या बरोबरीचा वाटा गीतकाराला सोडून देताच येत नाही. करारात ‘सर्व हक्क कायमचे’ लिहिलं असलं तरी हा वाटा उरतो. हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. नाटकाच्या प्रत्यक्ष प्रयोगाला मात्र हे रॉयल्टीचं संरक्षण नाही, तिथे करारात असेल तेवढंच. म्हणून एकरकमी की प्रयोगागणिक, दौऱ्यांचे प्रयोग धरायचे की नाही, गाणी रेकॉर्ड झाली तर काय, हे तालमी सुरू होण्याआधी लिहून घ्या. नाटक उभं राहिल्यावर निर्माता ‘बघू’ म्हणतो.

पहिलं गाणं प्रसिद्ध झालं की आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था) सभासदत्व घ्या आणि प्रत्येक गाणं गीतकार म्हणून स्वतःच्या नावासकट तिथे नोंदवा. नाव फक्त यूट्यूबच्या वर्णनात असेल तर त्या गाण्याची रॉयल्टी तुमच्या खात्यापर्यंत पोचत नाही.