शब्दचर्चा: ‘सायकेडेलिक’ म्हणजे भ्रमकारक का?

एका भाषांतरकार भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. काही जातींच्या अळंब्यांत आढळणाऱ्या सायलोसायबिन या द्रव्याच्या नैराश्यावरील चाचण्यांविषयीचा एक लेख त्या आरोग्यविषयक मासिकासाठी मराठीत आणत आहेत. अशा भान पालटवणाऱ्या द्रव्यांसाठी मूळ लेखात आलेल्या ‘सायकेडेलिक’ या शब्दासाठी त्यांनी ‘चेतनाविस्तारक’ असे लिहिले होते. संपादकांनी ते खोडून ‘भ्रमकारक’ केले. ‘हीलिंग’साठी त्यांनी योजलेले ‘बरे होणे’ मात्र कोणीही न हटकता तसेच राहिले. यांतले बरोबर काय, आणि मराठीचा स्वतःचा असा एखादा शब्द आहे का, असे त्या विचारतात.

माझे मत आधीच सांगून टाकतो. दोन्ही शब्द मला चुकलेले वाटतात, आणि ते परस्परविरुद्ध दिशांना चुकले आहेत. ‘भ्रमकारक’ हा शब्द खटला उभा राहण्याआधीच शिक्षा सुनावतो, तर ‘चेतनाविस्तारक’ हा औषध हाती येण्याआधीच त्याची आरती ओवाळतो. ज्या ‘बरे होणे’बद्दल कोणाची तक्रार नव्हती, त्याच्याकडे मात्र सगळ्यांत बारकाईने पाहायला हवे होते.

मूळ शब्द कसा घडला, हे पाहिले की पुष्कळसा गुंता सुटतो. हम्फ्री ऑस्मंड हे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ कॅनडाच्या सॅस्कॅचवान प्रांतात, वेबर्न येथील मनोरुग्णालयात काम करीत होते. लेखक ऑल्डस हक्स्ली यांना त्यांनी १९५३ मध्ये लॉस एंजेलिस येथे मेस्कलिन हे निवडुंगात आढळणारे, याच जातीचे द्रव्य दिले होते, आणि या द्रव्यांना नाव काय द्यावे, याविषयी १९५६ मध्ये दोघांचा पत्रव्यवहार झाला. तोवर वैद्यकात या द्रव्यांना ‘वेडाची नक्कल करणारी’ अशा अर्थाचे नाव होते, आणि ते ऑस्मंड यांना अपुरे वाटू लागले होते. हक्स्ली यांनी ‘फॅनरोथाइम’ हा शब्द सुचवला, तोही एका यमकबद्ध द्विपदीत, या क्षुद्र जगाला उदात्त करायचे असेल तर हे घ्या, अशा आशयाने. ऑस्मंड यांनी उत्तरही द्विपदीतच धाडले: नरकाचा ठाव घ्यायचा असो की देवदूतासारखी भरारी मारायची असो, चिमूटभर ‘सायकेडेलिक’ पुरे. १९५७ मध्ये न्यूयॉर्कच्या विज्ञान अकादमीपुढे त्यांनी हा शब्द जाहीरपणे मांडला. ग्रीक ‘प्सिखे’ म्हणजे मन किंवा आत्मा, आणि ‘देलोउन’ म्हणजे स्पष्ट करणे, दिसेल असे करणे. ग्रीक व्याकरणाच्या जाणकारांच्या मते तो नियमाने ‘सायकोडेलिक’ व्हायला हवा होता, पण ‘सायको’ म्हटले की मनोविकार आठवतो, म्हणून ऑस्मंड यांनी तो टाळला. म्हणजे शब्द जन्मतःच थोडा अशुद्ध आहे, आणि तोही जाणूनबुजून.

त्या द्विपदीतला नरक येथे महत्त्वाचा आहे. हक्स्ली यांच्या द्विपदीत फक्त उदात्तता होती. ऑस्मंड यांच्या शब्दात जे असेल ते उघडे पडते, चांगले आणि भयंकर दोन्ही. मराठी शब्दालाही एवढी तटस्थता पेलली पाहिजे.

आता ‘भ्रमकारक’ घ्या. आपल्या बोलण्यात ‘भास’ आणि ‘भ्रम’ यांत फरक आहे. नसलेली हाक ऐकू आली तर भास झाला म्हणतात, आणि खोटे ते खरे मानून माणूस त्यावर चालू लागला तर त्याला भ्रम झाला म्हणतात. तो टिकला तर माणूस भ्रमिष्ट ठरतो. सायलोसायबिन किंवा एलएसडी हे प्रयोगशाळेत बनवलेले सायकेडेलिक द्रव्य घेतलेल्या माणसाला मिटल्या डोळ्यांपुढे आकृत्या दिसतात, समोरची भिंत श्वास घेत असल्यासारखी वाटते, पण हे सारे आपण घेतलेल्या द्रव्यामुळे होत आहे, ही जाणीव त्याला बहुधा असते. खरा भ्रम कशाने होतो, हे पाहायला परदेशी जाण्याची गरज नाही. उकिरड्याच्या कडेला उगवणारा आणि शंकराला वाहिला जाणारा धोतरा पोटात गेला, तर त्यातल्या अ‍ॅट्रोपिन, स्कोपोलामिन यांसारख्या द्रव्यांमुळे माणूस बरळतो, नसलेल्या माणसांशी गप्पा मारतो, हवेतल्या वस्तू वेचतो, आणि शुद्धीवर आल्यावर त्याला त्यातले फारसे आठवतही नाही. वाटसरूंना धोतरा चारून लुटणाऱ्यांच्या नोंदी ब्रिटिश अमदानीतल्या कागदपत्रांत आहेत, त्या याच गुणामुळे. ‘मतिभ्रामक’ हा शब्द धोतऱ्याला शोभतो. सायलोसायबिनचे सत्र मात्र पुष्कळांना तपशिलासह आठवते, आणि उपचाराची सारी भिस्त त्या आठवणीवर, तिच्याविषयी नंतर होणाऱ्या बोलण्यावर असते. संपादकांची भीती अगदीच निराधार आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. ज्यांना किंवा ज्यांच्या जवळच्या नात्यात स्किझोफ्रेनियासारखा आजार आहे, त्यांना या चाचण्यांत सहसा घेत नाहीत. पण हा धोका लेखात स्वतंत्र वाक्याने सांगावा. द्रव्याच्या नावात कोंबू नये.

‘गुंगीकारक’ हा पर्यायही कोणी सुचवेल. १९८५ चा जो कायदा आपण एनडीपीएस म्हणून ओळखतो, त्याच्या मराठी नावात ‘गुंगीकारक औषधी द्रव्ये’ आणि ‘मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ’ असे दोन गट आहेत. एलएसडी आणि सायलोसायबिन दुसऱ्या गटात मोडतात, आणि ते शब्दार्थाच्या दृष्टीनेही योग्य आहे, कारण गुंगी अफूने येते, यांनी नाही. ‘अमली’ हा शब्द मला स्वतःला मोठा गमतीचा वाटतो. अरबीतला ‘अमल’ म्हणजे कृती, कारभार. मराठीत पेशव्यांचाही अंमल आणि भांगेचाही अंमल, दोन्ही चढतात आणि दोन्ही उतरतात. परंतु आज ‘अमली पदार्थ’ म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे छापा आणि जप्तीच उभी राहते, म्हणून वैद्यकीय लेखात तो शब्द नको. केटामाइन हे वेगळेच प्रकरण आहे: ते मुळात भुलीचे औषध, आणि ‘भूल’ हा आपला शब्द त्याला तंतोतंत बसतो. त्याच्याच एका रूपाला, एस्केटामाइनच्या नाकात मारायच्या फवाऱ्याला, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०१९ मध्ये हट्टी नैराश्यासाठी परवानगी दिली. पण त्यामुळे ते सायलोसायबिनच्या पंगतीला बसत नाही, आणि लेखात दोन्ही एकाच शब्दाखाली येऊ नयेत.

‘चेतनाविस्तारक’विषयी थोडक्यात लिहितो. चेतना रुंदावते, हा त्या द्रव्यांच्या चाहत्यांचा १९६०च्या दशकातला दावा होता. तो नावात घातला की चाचणी घ्यायचे कारणच उरत नाही. ‘सोम’ हा शब्द सुचवणारेही भेटतात. वेदांतला सोम म्हणजे नेमकी कोणती वनस्पती, याचा वाद मिटलेला नाही, त्यामुळे एका अज्ञाताला दुसऱ्या अज्ञाताचे नाव देण्यात हशील नाही.

मग मराठी शब्द कोणता? अर्थाला सर्वांत जवळचा ‘मनोव्यंजक’ ठरेल. काव्यशास्त्रातल्या व्यंजनेप्रमाणे जे दडलेले आहे ते प्रकट करणारा, हा त्याचा अर्थ ‘देलोउन’शी छान जुळतो. पण व्यवहारात त्याची धडगत नाही. मुद्रितशोधकाच्या हाती पडताच तो ‘मनोरंजक’ होईल, आणि नैराश्यावरील मनोरंजक औषधे छापून आल्यावर खुलासा करत बसावे लागेल. ‘मनोद्घाटक’ कानाला बरा वाटतो, पण त्यातला संधी चुकीचा आहे, कारण ‘मनस्’पुढे ‘उ’ आला तर ‘मनो’ होत नाही. ऑस्मंड यांनी केली तशी चूक आपणही करावी, असा मोह मला झाला होता, हे कबूल करतो.

माझी पसंती ‘चित्तदर्शक’ या शब्दाला आहे. स्टानिस्लाव्ह ग्रोफ या मनोविकारतज्ज्ञांनी म्हटले होते की, जीवशास्त्राला सूक्ष्मदर्शक आणि खगोलशास्त्राला दुर्बीण, तसे मनोविकारशास्त्राला एलएसडी ठरू शकेल. ही उपमा फारच मोठा दावा करते, पण शब्दासाठी ती सोयीची आहे, कारण ‘सूक्ष्मदर्शक’ आपल्याकडे शाळेपासून रुळलेला आहे. सूक्ष्मदर्शकाखाली फुलाचा परागही दिसतो आणि गटाराच्या पाण्यातले जंतूही दिसतात. दिसले ते चांगले की वाईट, याची हमी यंत्र देत नाही. चित्तदर्शक द्रव्याचेही तसेच आहे. तरीही लेखात पहिल्यांदा ‘सायकेडेलिक (चित्तदर्शक) द्रव्ये’ असे लिहावे आणि पुढे रुळलेला ‘सायकेडेलिक’ वापरावा, असे मी सुचवीन; वाचकाला बातम्यांत तोच भेटणार आहे.

‘ऑल्टर्ड स्टेट’साठी ‘बदललेली चेतनावस्था’ हे अवघडलेले भाषांतर सर्रास दिसते. मराठीत ‘शुद्ध’ आणि ‘भान’ हे दोन स्वतंत्र शब्द आहेत, आणि त्यांतला भेद येथे नेमका उपयोगी पडतो. भूल दिल्यावर शुद्ध जाते. कीर्तनात रंगलेल्याचे भान हरपते, तो शुद्धीवरच असतो. सायलोसायबिनच्या सत्रात रुग्ण पलंगावर आडवा असतो, डोळ्यांवर पट्टी, कानांत संगीत, शेजारी सहसा दोन प्रशिक्षित माणसे, आणि हे सारे सुमारे सहा तास चालते. शुद्ध जात नाही, भान पालटते. म्हणून ‘भानाची पालटलेली अवस्था’ असे म्हणावे. (डोळ्यांवर पट्टी बांधणे म्हणजे मुद्दाम न पाहणे, हा आपला वाक्प्रचार येथे उलटा होतो, हे जाता जाता.)

त्याच लेखात ‘ईगो डिसोल्यूशन’ आहे, आणि त्याचे भाषांतर ‘अहंकार नष्ट होणे’ असे झाले आहे. रोजच्या मराठीत अहंकार म्हणजे ताठा. अहंकार गळाला म्हटले की माणूस नम्र झाला, एवढाच बोध होतो. येथे अभिप्रेत आहे ती ‘मी’ आणि ‘बाकीचे जग’ यांमधली रेघच पुसली जाण्याची गोष्ट. ‘मीपण विरघळणे’ हा शब्दप्रयोग संतांच्या परंपरेतून घरोघर पोहोचलेला आहे आणि तो चपखल बसतो. ‘साक्षात्कार’ मात्र मी टाळीन, कारण त्यात देव गृहीत धरला जातो, आणि ‘गूढ अनुभव’ म्हटले की रात्रीचा वाडा आणि करकरणारा दरवाजा आठवतो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलंड ग्रिफिथ्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ३६ निरोगी स्वयंसेवकांवरील सायलोसायबिनच्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश लोकांनी तो अनुभव आयुष्यातल्या सर्वांत अर्थपूर्ण पाचांत गणला होता. अशा अनुभवाला ‘सखोल’ म्हणणे मला कोरडे वाटते. ‘अंतर्बाह्य हलवून टाकणारा’ असे लिहावे.

राहिला प्रश्न ‘बरे होणे’ या शब्दप्रयोगाचा. मराठीत आजाराच्या उताराला किती पायऱ्या आहेत, ते पाहा: बरे वाटते, आराम पडतो, उतार पडतो, गुण येतो, औषध लागू पडते, आणि मग कुठे माणूस बरा होतो. प्रत्येक पायरीवरचे विधान वेगळे आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २३३ रुग्णांवरील सायलोसायबिनच्या चाचणीचे उदाहरण घ्या. त्यांचे नैराश्य आधीच्या औषधांना दाद देत नव्हते. (‘दाद’ हा फारसी शब्द, मुळात न्याय या अर्थाचा, आजाराने औषधाला दाद न देणे ही किती सुंदर कल्पना आहे!) २५ मिलिग्रॅमच्या एका मात्रेनंतर तीन आठवड्यांनी २९ टक्के रुग्णांची लक्षणे जवळजवळ नाहीशी झाली होती, तर १ मिलिग्रॅमच्या गटात ८ टक्क्यांची. मोठ्या मात्रेच्या गटातही बाराव्या आठवड्यापर्यंत सुधारणा टिकलेल्यांचे प्रमाण २९ टक्क्यांहून कमी होते, आणि आत्महत्येचे विचार किंवा स्वतःला इजा करण्याचे प्रसंग सर्वच गटांत नोंदले गेले. याला ‘बरे झाले’ म्हणता येत नाही. ‘काहींना गुण आला’ किंवा ‘उतार पडला’ हे प्रामाणिक मराठी आहे. त्याआधी, २०२१ मध्ये, लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने ५९ रुग्णांत सायलोसायबिनची तुलना एस्सिटालोप्राम या नेहमीच्या गोळीशी केली, तेव्हा मुख्य मोजपट्टीवर दोहोंत लक्षणीय फरक आढळला नव्हता. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३ पासून परवानाधारक मनोविकारतज्ज्ञांना अशा हट्टी नैराश्यासाठी सायलोसायबिन देण्याची मुभा दिली आहे, ही बाबही लेखात यावी, पण ‘मान्यता’ आणि ‘इलाज’ यांची गल्लत न करता.

जेथे मूळ लेखकाला ‘हीलिंग’मधून औषधापलीकडचे काही सांगायचे आहे, तेथे ‘भरून येणे’ वापरावे. जखम भरून येते, आणि ऊरही भरून येतो; सत्रात रडलेल्या रुग्णाविषयीच्या परिच्छेदात हे दोन्ही अर्थ एकाच क्रियापदात येतात. दुसऱ्या कोणत्याही शब्दाने ते साधणार नाही.

‘सेट अँड सेटिंग’चा, म्हणजे द्रव्य घेताना माणसाचे मन आणि भोवताल कसा आहे याच्या नावाचा, प्रश्न त्यांनी विचारला नव्हता, पण तो लेखात आहे, म्हणून लिहितो. त्याला ‘मनःस्थिती आणि परिस्थिती’ म्हणावे. इंग्रजी जोडीसारखाच नाद आहे आणि अर्थही पुरता आहे.

संपादकांनी बदललेले त्यांचे वाक्य असे आहे: ‘भ्रमकारक औषधांमुळे नैराश्याचे रुग्ण बरे होतात.’ माझी दुरुस्ती: ‘सायकेडेलिक (चित्तदर्शक) द्रव्यांच्या, मानसोपचाराच्या जोडीने दिलेल्या मात्रेने, इतर औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यात काही रुग्णांना उतार पडल्याचे चाचण्यांत दिसले आहे.’ वाक्य लांबले आहे, पण त्यातला एकही शब्द काढावा असे मला वाटत नाही. लेखनाविषयी एवढेच: ‘सायकेडेलिक’ असे लिहावे, ‘सायकॅडॅलिक’ नको, आणि अनेकवचनासाठी ‘सायकेडेलिक्स’ करण्याची गरज नाही, पुढे ‘द्रव्ये’ आहेच.