वाचकांचे प्रश्न : अकरा गाणी आणि एक चढती तार

'द बर्ड्‌स' या अमेरिकन बँडचा 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ' हा कंट्री-रॉक अल्बम 30 ऑगस्ट 1968 रोजी आला. त्याच्या पन्नाशीनिमित्त 2018 मध्ये रॉजर मॅग्विन आणि ख्रिस हिलमन हे मूळ सदस्य पुन्हा एकत्र आले आणि मार्टी स्टुअर्ट यांच्या बँडला सोबत घेऊन त्यांनी अमेरिकेत दौरा केला. 2028 मध्ये अल्बमची साठी आहे. त्या निमित्ताने तो अख्खा मंचावर वाजवायचा बेत जळगाव-भुसावळकडच्या काही वाचकांनी कळवला आहे. त्यांचे आणि इतरांचे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : अकरा गाण्यांत कार्यक्रम भरेल का? (जळगाव)

नाही. सगळी मिळून जेमतेम 32 मिनिटं होतात. 2018 च्या दौऱ्यातही आधी बँडची कंट्रीकडे झुकणारी जुनी गाणी झाली, मग हा अल्बम, आणि मधे गाण्यांमागच्या हकिकती. तुम्हीही पूर्वार्धात त्या वाटेवरची सात-आठ गाणी घ्या. दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, तेव्हा उत्तरार्ध साडेआठलाच सुरू होऊ द्या.

पट्टी ठरवण्याआधी गाणी दोन्ही आवाजांत ऐका. कराराच्या वादामुळे काही गाण्यांवरचा, तेव्हा बँडमध्ये असलेल्या ग्रॅम पार्सन्स यांचा आवाज काढून मॅग्विन यांचा घातला गेला होता. पार्सन्सच्या आवाजातली ध्वनिमुद्रणं पुढे प्रसिद्ध झाली. 'हिकरी विंड' मात्र मूळ अल्बमवरही पार्सन्सच गातात. त्याचा ठेका तीन मात्रांचा आहे. ढोलकवाला लगेच दादरा धरेल, आणि तिथेच गाणं बिघडतं. चौथ्या मात्रेवर खाली नको. दर तीन मात्रांनी पहिलीवर सारखाच वजनदार ठोका हवा, उरलेल्या दोन हलक्या.

प्रश्न : पेडल स्टील गिटार आमच्याकडे नाही. हवाईयन किंवा साध्या इलेक्ट्रिक गिटारवर भागेल का? (भुसावळ)

भागेल, पण त्या वाद्यात नेमकं काय घडतं ते आधी कानात पक्कं बसवा. हा अल्बम उभा आहे तो लॉइड ग्रीन आणि जे डी मेनेस यांच्या स्टीलवर.

हवाईयनवर सळई सरकवली की तिच्याखालच्या सगळ्या तारा एकत्र चढतात. पेडल स्टीलमध्ये पायाने पेडल दाबलं की सळई जागची न हलताही ठरावीकच तारा चढतात. दहा तारांच्या ई-नाइन मिळवणीत ई हा सा धरा. पहिलं पेडल दाबलं की 'प'च्या तारा 'ध'वर जातात, दुसरं दाबलं की 'ग'च्या तारा 'म'वर. सा तसाच राहतो. दोन्ही एकदम दाबली की सा-ग-प चं सा-म-ध होतं, म्हणजे ई कॉर्डचा ए कॉर्ड. तानपुऱ्यासारखा स्थिर सा आणि त्याला घासून वर जाणारा ध, ही जी कळ आहे, ती तुम्हाला उभी करायची आहे. नुसती मींड घेऊन ती येत नाही.

साध्या गिटारवर असं करा. जी हा सा. पहिल्या तारेचा दहावा फ्रेट अनामिकेने दाबून 'प' धरा. दुसऱ्या तारेचा दहावा फ्रेट मधल्या बोटाने दाबा, तर्जनी मागे आधाराला ठेवा. हा 'रे'. दोन्ही तारा एकदम छेडा आणि दुसरी तार तिसरीच्या दिशेने ढकलून 'ग'वर न्या. ग नेमका लागला का, हे त्याच तारेच्या बाराव्या फ्रेटशी ताडून पाहा. बहुतेकांचा कमी पडतो. तारा 9 किंवा 10 नंबरच्या संचाच्या लावा.

बोटं बरोबर असूनही 'प' उतरल्यासारखा वाटत असेल तर दोष गिटारच्या ब्रिजचा आहे. ट्रेमोलोच्या तरंगत्या ब्रिजवर एक तार ओढली की ब्रिज पुढे झुकतो आणि बाकीच्या उतरतात. मागचं झाकण काढून ब्रिजच्या ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना लाकडाच्या घट्ट पट्ट्या बसवा, म्हणजे तो हलणार नाही. याच बँडमध्ये नंतर आलेले गिटारवादक क्लॅरन्स व्हाइट आणि ड्रमर जीन पार्सन्स यांनी तार चढवण्याचा वेगळाच तोडगा काढला होता : गिटार खाली दाबली की गळ्यातल्या पट्ट्याला ताण बसतो आणि त्याला जोडलेली आतली यंत्रणा दुसरी तार एक पूर्ण स्वर चढवते. व्हाइट यांची तीच टेलिकास्टर 2018 च्या दौऱ्यात मार्टी स्टुअर्ट यांच्या हातात होती.

हवाईयन ई-ए-ई-ए-सी शार्प-ई अशी मिळवलेली असेल तर ए हा सा आणि दुसरी तार 'ग'ची. सळईच्या मागच्या बाजूला ती अनामिकेने ओढून 'म'वर न्या. अर्धा स्वर सहज चढतो. पूर्ण स्वराला सळई डगमगते, तो नाद सोडा.

दोन्ही वाद्यांना व्हॉल्यूम पेडल लावाच. छेडताना पाय अर्धाच, नाद विरू लागला की हळूहळू पुढे. सुरुवातीलाच पूर्ण उघडलं तर नखाचा टोकदार आवाज येतो आणि लांबण मिळत नाही.

प्रश्न : आमच्याकडे वरातीतला बेंजोवाला चांगला आहे. अल्बममधला बँजो तो वाजवेल का? (पाचोरा)

नाव एक असलं तरी वाद्यं वेगळी. आपला बेंजो म्हणजे बुलबुलतरंग : टाइपरायटरसारख्या कळा, एका हातात नखी. अल्बममध्ये जॉन हार्टफर्ड यांनी वाजवलेला बँजो चामड्यावर ताणलेल्या पाच तारांचा, अंगठा आणि दोन बोटांनी छेडायचा. त्याची आखूड पाचवी तार तार सप्तकातला सा सतत देत राहते, बाकीच्या प-सा-ग-प. तो झरझर धागा कळांवर निघत नाही. त्याऐवजी मँडोलिन घ्या, बेंजोवाल्याला पूर्वार्धात जागा द्या. त्याच्या हातातली सफाई वाया घालवू नका.

प्रश्न : मे महिन्यात अकूस्टिक गिटारच्या फ्रेटची टोकं बोटांना टोचू लागली. फ्रेट सुटले का? (धुळे)

सुटले नाहीत, लाकूड आकसलं. गिटारला हवेत 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती याच्या कितीतरी खाली जाते. टोकं घासून घेण्याची घाई करू नका, पावसाळ्यात लाकूड पुन्हा फुगतं. साबणाच्या प्लॅस्टिक डबीला भोकं पाडा, आत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवा आणि डबी गिटारसह बंद केसमध्ये ठेवा. थेंब गळता कामा नये. दोन-तीन दिवसांनी स्पंज बघा. कूलरच्या झोतासमोर किंवा उन्हातल्या गाडीत गिटार ठेवू नका. गाडीत ब्रिजचा डिंक मऊ होऊन ब्रिज उचलला जातो.

प्रश्न : माइकला ओठ लागला की झटका बसतो. अर्थिंगची पिन काढली तर चालेल का? (शहादा)

कधीच नाही. माइक आणि गिटार वेगवेगळ्या लाइनवर आहेत आणि त्यातल्या एकीला अर्थिंग नाही, म्हणून झटका बसतो. गाण्याआधी मल्टिमीटर एसीवर ठेवून एक टोक माइकच्या जाळीला, दुसरं गिटारच्या तारांना लावा. काही व्होल्ट दिसले तर वाजवणं थांबवा. अँप्लिफायर, मिक्सर सगळं एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डवर आणा; जनरेटर असेल तर त्याचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. त्यानंतरही नुसती गुणगुण उरली तर डीआय बॉक्सवरचं (गिटारचा सिग्नल मिक्सरकडे नेणाऱ्या डबीवरचं) ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. ते फक्त सिग्नलच्या वायरचं ग्राउंड तोडतं, विजेचं अर्थिंग शाबूत राहतं.