31 व्या आठवड्यात जन्मलेलं आमचं बाळ पुढच्या आठवड्यात एनआयसीयूतून (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून) घरी येईल. घरी काय तयारी ठेवावी?

पाळणा, दुपटी, टोपडी यांची चिंता करू नका, ते एका संध्याकाळीही आणता येतं. खरी तयारी दवाखान्यातच करून घ्यायची. आमची मुलगीही अशीच लवकर झाली होती. शेवटचे दोन दिवस सिस्टरांना सांगून दूध पाजणं, लंगोट बदलणं, औषधाचे थेंब मोजणं हे सगळं आम्हीच केलं, त्या नुसत्या बघत होत्या. बाळाच्या बाबांनाही कांगारू केअर, म्हणजे बाळाला उघड्या छातीला लावून धरणं, शिकवायला सांगा. बाईला जरा पाठ टेकता येते आणि बाळ छान ऊबदार राहतं.

घरी पहिल्या रात्री सगळ्यात जास्त छळते ती शांतता. मॉनिटरच्या पीप-पीपची सवय झालेली असते, मग आपण बाळाच्या पोटाकडेच बघत बसतो. वेळेआधीची बाळं झोपेत भराभर श्वास घेतात, पाच-दहा सेकंद थांबतात, पुन्हा सुरू करतात, हे चालतं. पण श्वासातला खंड 20 सेकंदांवर गेला, ओठ निळसर दिसले, शांत असतानाही मिनिटाला 60 च्या वर श्वास चालला, छाती आत ओढली जाऊ लागली किंवा बाळ दूधच ओढेनासं झालं, तर सकाळची वाट बघायची नाही. काखेतलं तापमान 36.5 ते 37.5 सेल्सिअस हवं. तापाइतकंच अंग गार पडणंही वाईट, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

आता घरचे. बाळघुटी, मध, काजळ, धुरी यातलं काहीच नको, आणि पापा तर कुणीच घ्यायचा नाही. आजीशी वाद घालत बसू नका. डिस्चार्जच्या वेळी तिला सोबत न्या आणि हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. आमच्याकडे तेवढंच चाललं. बारसं पुढे ढकललं म्हणून आत्या रुसल्या, रुसू देत. झोपवताना पाठीवरच, उशी नको.

निघण्याआधी डोळ्यांच्या पडद्याची, म्हणजे आरओपीची तपासणी झाली का ते विचारा. 34 आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाची ती जन्मापासून 30 दिवसांच्या आत व्हावी लागते, आणि एकदा करून भागत नाही, डॉक्टर म्हणतील तेव्हा परत जायचं. कानांची तपासणीही विचारा. व्हिटॅमिन डी आणि लोहाचे थेंब किती आणि कधीपर्यंत, हे लिहून घ्या. लसी जन्मतारखेप्रमाणे द्यायच्या. मान धरणं, पालथं पडणं मात्र डॉक्टरांनी आधी दिलेल्या डिलिव्हरीच्या अपेक्षित तारखेपासून मोजायचं, नाहीतर शेजारच्या बाळाशी तुलना करून उगाच जीव टांगणीला लागतो.

रात्री कुठल्या दवाखान्यात जायचं ते आजच ठरवा. डिस्चार्ज कार्डाचा फोटो दोघांच्याही मोबाईलमध्ये ठेवा, कारण रात्री दोन वाजता फाइल सापडत नाही.