दयामरण, इच्छामरण आणि एक जर्मन गृहस्थ

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका ताई जर्मनीतल्या हान्स हेनिंग आत्रोट यांच्यावर मराठीत परिचयलेख लिहीत आहेत. मरणाचा हक्क मागणारी चळवळ चालवलेला आणि ख्रिस्ती धर्मावर कडक टीका केलेला हा माणूस. ताईंनी त्यांना 'दयामरणाचे पुरस्कर्ते' म्हटलं, संपादकांनी ते खोडून 'इच्छामरणवादी' केलं. शिवाय 'ख्रिस्ती धर्माचे टीकाकार' बरोबर का, 'फ्रायटोड' या जर्मन शब्दाला मराठीत काय म्हणायचं, आणि नावाआधी संपादकांनी घातलेलं 'ख्रिस्तवासी' राहू द्यायचं का, हेही त्यांना विचारायचं आहे.

शेवटचा प्रश्न वाचून मला हसू आलं. त्याच्याकडे शेवटीच येतो.

संपादकांनी 'दयामरण' खोडलं ते योग्यच केलं. त्यांचं कारण बहुधा एवढंच असेल की वर्तमानपत्रांत 'इच्छामरण' जास्त चालतो. खरं कारण त्याहून फार काळंकुट्ट आहे. 'दयामरण' शब्दशः जर्मनमध्ये नेलं तर होतं 'ग्नाडेनटोड'. ग्नाडे म्हणजे दया, कृपा. टोड म्हणजे मृत्यू. हा शब्द हिटलरच्या एका पत्रात आहे. पत्रावर तारीख 1 सप्टेंबर 1939 ची, म्हणजे युद्ध सुरू झालं त्या दिवसाची, पण लिहिलं गेलं ऑक्टोबरात आणि तारीख मागची टाकली. बरे न होणाऱ्या रुग्णांना काही डॉक्टरांनी 'ग्नाडेनटोड' बहाल करावा, असा त्याचा आशय. त्याआधारे बर्लिनच्या टियरगार्टनश्ट्रासे 4 या पत्त्यावरून जी यंत्रणा चालली, तिने ऑगस्ट 1941 पर्यंत मनोरुग्णालयांतली आणि अपंगांच्या आश्रमांतली सत्तर हजारांवर माणसं विषारी वायूने मारली. त्यांतल्या कुणीही मरण मागितलं नव्हतं.

'दयामरण' या शब्दाची गोम इथे आहे. समासात दया कुणाची? मरणाऱ्याची नाही, मारणाऱ्याची. कर्ता दुसराच कुणी आहे, आणि रुग्णाला काय हवं आहे याला शब्दात जागाच ठेवलेली नाही. मराठीत आपण हा शब्द चांगल्या मनाने वापरतो. जखमी घोड्याला गोळी घालण्यापासून ते अंथरुणाला खिळलेल्या आजोबांपर्यंत सगळीकडे चालतो. पण आत्रोट हा 1944 साली मेमेल इथे जन्मलेला जर्मन. (मेमेल म्हणजे आजच्या लिथुआनियातलं क्लायपेडा, गावाचंही नाव बदललं.) त्याच्या पिढीच्या जर्मन माणसाला 'दयामरणाचे पुरस्कर्ते' म्हणणं म्हणजे जवळजवळ शिवी आहे.

याच कारणाने जर्मन लोक 'ऑयथनाझी' हा ग्रीक शब्दसुद्धा आपल्या देशातल्या आजच्या वादात सहसा वापरत नाहीत. मुळात शब्द बिचारा साधा: 'ऑय' म्हणजे चांगलं, 'थानाटोस' म्हणजे मरण. रोमन चरित्रकार स्वेटोनियस सांगतो, की कुणाला झटकन आणि वेदनेविना मरण आलं असं ऐकलं की सम्राट ऑगस्टस आपल्याला आणि आपल्या माणसांना तसंच 'ऑयथनाझिया' यावं अशी प्रार्थना करत असे. आपल्याकडच्या 'अनायासेन मरणम्' या मागण्याचीच ही ग्रीक आवृत्ती. इतका निरुपद्रवी शब्द दोन वर्षांत असा नासला की जर्मनीत त्याला हात लावायला कुणी धजत नाही. शेजारच्या नेदरलँड्समध्ये मात्र तोच शब्द कायद्याच्या चर्चेत बिनदिक्कत चालतो. सीमा ओलांडली की शब्दाचा वास बदलतो.

मग जर्मन काय म्हणतात? 'श्टेर्बेहिल्फे'. श्टेर्बेन म्हणजे मरणं, हिल्फे म्हणजे मदत. मरताना मदत, मरायला मदत, दोन्ही. शब्द मुद्दाम सपाट ठेवलेला आहे: दया नाही, इच्छा नाही, हक्क नाही. उशाशी बसून हात धरणं वेगळं, त्याला 'श्टेर्बेबेग्लायटुंग' म्हणतात, शेवटपर्यंतची सोबत. माझ्या मते मराठीत 'मरणसाहाय्य' करायला हरकत नाही. कानाला जरा सरकारी लागतं, पण मूळ शब्दही सरकारी थंडपणानेच निवडलेला आहे.

आता 'इच्छामरण'. हा शब्द आपल्याला महाभारतातून मिळाला. भीष्म इच्छामरणी, शंतनूने वर दिला, म्हणून शरशय्येवर उत्तरायणाची वाट बघत पडून राहता आलं. म्हणजे मुळात ही शक्ती होती, हक्क नव्हता. भीष्माला कुणाची परवानगी लागली नाही, डॉक्टर लागला नाही, आणि त्याच्या इच्छेशिवाय मृत्यूची जवळ यायची टाप नव्हती. आजचा इच्छामरण मागणारा याच्या अगदी उलट असतो. त्याच्या हातात काहीच उरलेलं नसतं, म्हणून तर तो अर्ज करतो. शब्द तोच, पण वराचा अर्ज झाला. तरी कर्ता मरणाराच आहे, इच्छा त्याचीच आहे, एवढं शब्दात शाबूत राहिलं. म्हणून आत्रोटसाठी हा 'दयामरणा'पेक्षा शंभर पटींनी बरा.

एक अडचण मात्र सांगून ठेवतो. मराठी बातम्यांत 'इच्छामरण' या एकाच पिशवीत सगळं कोंबलेलं असतं: व्हेंटिलेटर काढणं, डॉक्टरने इंजेक्शन देणं, आणि रुग्णाने स्वतः औषध घेणं. सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली, मुंबईतल्या एका परिचारिकेच्या प्रकरणात, आणि पुन्हा 2018 साली जे मान्य केलं ते फक्त पहिलं. जर्मनीत या तिन्हींची कायद्यातली घरं वेगवेगळी आहेत. कुणाच्या स्पष्ट मागणीवरूनसुद्धा त्याला ठार मारणं हा तिथे दंडसंहितेच्या कलम 216 खाली आजही गुन्हा आहे, सहा महिने ते पाच वर्षं कैद. पण स्वतः जीव देणं हा गुन्हा नाही, आणि जे कृत्यच गुन्हा नाही त्याला मदत करणं हाही गुन्हा ठरत नाही, असा त्यांचा तर्क.

आत्रोटची सगळी गोष्ट या फटीतून घडते. 1980 साली न्यूरेम्बर्गमध्ये 'डॉयचे गेझेलशाफ्ट फ्यूर हुमानेस श्टेर्बेन' ही संस्था निघाली, तिचे हे संस्थापक आणि पहिले अध्यक्ष. 1993 मध्ये त्यांना अटक झाली. मरू इच्छिणाऱ्यांना विष विकल्याचा आरोप होता. 1994 मध्ये दोन वर्षांची कैद सुनावली गेली, ती स्थगित ठेवली. आता गंमत बघा, की मरणाच्या चळवळीतल्या माणसावरच्या या खटल्यात हत्येचं कलम नव्हतं. गुन्हे होते रसायनांच्या कायद्याचे आणि करचुकवेगिरीचे. परिचयलेखात 'लोकांना मारल्याबद्दल शिक्षा' असं चुकूनही लिहू नका. आणि विष विकलं ही गोष्ट 'हक्काचा लढा' या गोड शब्दाखाली झाकूही नका. अध्यक्षपद गेलं ते त्यापायीच. संस्था टिकली, माणूस बाजूला पडला.

संस्थेच्या नावाचं भाषांतर करताना पाय घसरतो, ते आताच सांगतो. 'हुमान' म्हणजे माणुसकीचं. झटक्यात कुणी 'माणुसकीच्या मरणासाठीची संस्था' लिहिलं, तर मराठी वाचकाला वाटेल माणुसकीच मेली! दुसरं, 'श्टेर्बेन' हे क्रियावाचक नाम आहे. त्यात मरण्याची प्रक्रिया आहे, ते दिवस, तो काळ. आपल्याकडे 'मरण' आणि 'मरणं' असा एका टिंबाचा झकास भेद आहे, तो इथे वापरा: 'माणसासारखं मरणं' मागणारी संस्था.

'फ्रायटोड'कडे येऊ. त्याआधी त्याचा सावत्र भाऊ, 'झेल्बस्टमोर्ड'. झेल्बस्ट म्हणजे स्वतः, मोर्ड म्हणजे खून. जर्मन कायद्यात 'मोर्ड' व्हायला हीन हेतू, क्रौर्य, दगाबाजी असलं काहीतरी लागतं. स्वतःशी दगाबाजी कशी करणार? म्हणून वकील मंडळी 'झेल्बस्टट्योटुंग' म्हणतात, नुसतं 'स्वतःला मारणं'. डॉक्टर लॅटिनमधून आलेलं 'झुइत्सीड' म्हणतात. 'मोर्ड' मागे उभं आहे ते चर्च. संत ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मपंडिताने पाचव्या शतकात ठरवून दिलं की 'तू हत्या करू नकोस' ही आज्ञा स्वतःलाही लागू आहे. पुढे अशा मृतांना चर्चच्या दफनभूमीत जागा नाकारली जाई. त्या तसल्या पुरण्याला जर्मनमध्ये 'एझेल्सबेग्रेबनिस' म्हणत, गाढवाचं दफन. बायबलातल्या यिर्मयाच्या पुस्तकातून आलेला शब्द. आपण 'कुत्र्याच्या मौतीने मेला' म्हणतो; जनावर बदललं, तुच्छता तीच. कॅथलिक धर्मसंहितेतून ही दफनबंदी 1983 साली गेली. आत्रोटच्या मनात धर्माविषयी एवढा कडूपणा का, हे समजायला हा शब्द पुरेसा आहे.

(न्यायाचं बोलायचं तर दुसरी बाजूही आहे. 'ग्नाडेनटोड'विरुद्ध 3 ऑगस्ट 1941 रोजी म्युन्स्टरच्या व्यासपीठावरून उघड बोलला तो एक कॅथलिक बिशपच होता, क्लेमेन्स आउगुस्ट फॉन गालेन.)

'आत्महत्या' मात्र 'झेल्बस्टमोर्ड' नाही, जरी सगळे कोश तसं सांगत असले तरी. मराठीत वध, खून आणि हत्या यांचे प्रांत वेगळे आहेत. अफझलखानाचा वध होतो. खून पोलिसांच्या डायरीत जातो. आणि हत्या जुन्या वापरात पापाच्या यादीत: ब्रह्महत्या, गोहत्या, भ्रूणहत्या. जर्मन शब्द गुन्हेगार ठरवतो, आपला पापी ठरवतो. म्हणून तर आपल्याकडे ज्यांना पापी म्हणायचं नाही त्यांच्यासाठी दुसऱ्या शब्दांची रांगच लागलेली आहे: समाधी, प्रायोपवेशन, देहत्याग, जैनांची सल्लेखना. सावरकरांनी तर 'आत्महत्या' आणि 'आत्मार्पण' असा भेद लेख लिहून मांडला आणि 1966 मध्ये अन्नपाणी सोडून देह ठेवला.

मला त्याहून मोलाचा वाटतो तो साधा, बायाबापड्यांच्या तोंडचा वाक्प्रचार: 'जीव दिला'. जर्मन म्हणतो 'झिश डास लेबेन नेमेन', स्वतःचा जीव घेणं. मराठीत जीव घेतो तो मारेकरी. स्वतः मरणारा जीव देतो. कुणाला देतो ते वाक्यात कधीच नसतं. विहिरीत दिला, रुळांवर दिला, एवढंच. दुसऱ्या कुठल्याही शब्दात इतकी कीव आणि इतका कमी दोष मला सापडलेला नाही.

आता फ्रायटोड. फ्राय म्हणजे मुक्त. मुळाशी जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे आहे. 'असे बोलला जरथुष्ट्र'मध्ये 'मुक्त मरणाविषयी' असं प्रकरणच आहे, आणि योग्य वेळी मर, असा त्यातला उपदेश. जोडशब्द म्हणून 'फ्रायटोड' रुळला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. शब्दात बंडखोरी आहे, थोडा दिमाखही आहे. मराठीत 'मुक्तमरण' करू नका. 'मुक्त' म्हटलं की आपला वाचक मोक्षाच्या दिशेने निघतो आणि ख्रिस्ती धर्मावर टीका करणारा हा गृहस्थ अचानक वारकरी होतो. 'स्वेच्छामरण' लिहा. 'इच्छा'आधीच्या 'स्व'मुळे ही दुसऱ्या कुणाची इच्छा नव्हे, हे पक्कं होतं. तरी एक पथ्य पाळा: आत्रोटचं म्हणणं सांगताना 'स्वेच्छामरण', आणि लेखिका म्हणून स्वतःच्या तोंडी 'जीव देणं' किंवा 'आत्महत्या'. जो शब्द ज्याचा, तो त्याच्याच तोंडी ठेवलेला बरा. नाहीतर परिचय लिहिता लिहिता आपणच चळवळीचे सभासद होतो.

जर्मन न्यायालयानेही शब्द जपूनच निवडला. 2015 च्या कायद्याने अशा संस्थांच्या मदतीवर बंदी आली होती. 26 फेब्रुवारी 2020 रोजी घटनात्मक न्यायालयाने ती रद्द केली आणि 'स्वतः ठरवलेल्या मरण्याचा हक्क' मान्य केला. तिथेही 'श्टेर्बेन' आहे. फ्रायटोड नाही, ग्नाडे तर नाहीच.

'ख्रिस्ती धर्माचे टीकाकार' यात वेगळाच घोळ आहे. ज्ञानेश्वर गीतेचे टीकाकार आहेत! टीका म्हणजे भाष्य, हा अर्थ मराठीत अजून जिवंत आहे, त्यामुळे एखादा भाबडा वाचक आत्रोटना बायबलचे भाष्यकार समजेल. 'ख्रिस्ती धर्मावर टीका करणारे' म्हटलं की काम होतं. ती 'वर' महत्त्वाची. आणि जर्मनमध्ये 'किर्शेनक्रिटिकर' हा चर्चच्या कारभारावर बोट ठेवणारा असतो, मनाने तो श्रद्धावानही असू शकतो. आत्रोटची भांडणं चर्चशी थांबत नाहीत, ती धर्माच्या मुळापर्यंत जातात. म्हणून 'चर्चचे टीकाकार' हे त्यांना कमी पडेल.

राहिलं 'ख्रिस्तवासी'. संपादकांचा हेतू चांगला असणार. मराठी ख्रिस्ती घरांत आदरणीय माणसासाठी हाच शब्द आहे. पण आयुष्यभर ज्याच्याशी भांडला त्याच्याच घरी त्याला कायमचा राहायला पाठवणं जरा जास्तच झालं. पर्याय शोधायला गेलात तर कळेल, मराठीत मेलेल्या माणसाला पत्ता दिल्याशिवाय सोडायची पद्धतच नाही: कैलासवासी, वैकुंठवासी, स्वर्गवासी, पैगंबरवासी. धर्मनिरपेक्ष म्हणून लोक 'दिवंगत' लिहितात, तर तोही दिवं गत, स्वर्गालाच गेलेला. तेव्हा नावाआधी काहीच लावू नका, आणि शेवटच्या वाक्यात 'मरण पावले' म्हणा.