आठ वर्षांपूर्वीचं क्रेडिट कार्ड सिबिलवर (कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीच्या रिपोर्टवर) 'राइट-ऑफ' दिसतंय. वसुली एजन्सी 48 हजारांऐवजी 15 हजारांत सेटल करते म्हणतेय. भरू का?

'राइट-ऑफ' म्हणजे माफ, हे आधी डोक्यातून काढा. बँकेने स्वतःच्या हिशेबात ते येणं बुडीत धरलं, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्याकडची बाकी जागच्या जागी आहे. आणि 15 हजार भरलेत तर तिथे 'सेटल्ड' (थोडं भरून मिटवलं) येईल, 'क्लोज्ड' (फिटून बंद झालं) नाही. या दोन शब्दांवरून आमच्या घरात अजून धुसफुस चालू आहे, म्हणून एवढं लिहायला बसलो.

माझ्या चुलतभावाने, दादाने, 2014 ला द्राक्षाच्या क्रेट वाहायला छोटा हत्ती काढला. जामीनदार मी. त्याचा मला पस्तावा नाही, उद्या पुन्हा राहीन. नोटबंदीनंतर भाडी बसली, हप्ते थकले. 2017 ला बँकेने ओटीएस, म्हणजे एकरकमी तडजोड, दिली: येणं 1 लाख 90 हजार, 1 लाख 25 हजार भरा, बाकीचे सोडतो. दादाने भरले, पत्र घेतलं, आरसीवरचा बोजा उतरवला आणि पेढे वाटले. सेटलमेंट झाली हे मला कळलं ते त्या पेढ्यांवरूनच. जामीनदाराला एक फोन करावा, असं ना बँकेला वाटलं ना दादाला.

2022 ला मी सांगलीत फ्लॅट बघितला, टोकन दिलं. लोनवाल्या मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझं कार्ड, माझी बाइक, सगळं वेळच्या वेळी. खाली एक ओळ: कमर्शियल व्हेइकल लोन, गॅरंटर, 'सेटल्ड', आणि तिच्यासमोर सोडून दिलेले 65 हजार. "सर, स्कोअर चालतोय हो," त्या म्हणाल्या, "पण हे असताना फाइल वर पाठवता येत नाही. क्लोज करून आणा."

दादाला फोन केला. "मिटवलंय की मी! बँकेनंच लिहून दिलंय. आणि सात वर्षं झाली की नाव आपोआप निघतंय, दोन वर्षं कड काढ की."

ही सात वर्षांची पुडी कुणी सोडली देव जाणे. नियम असा आहे की सिबिलसारख्या कंपन्यांनी माहिती किमान सात वर्षं ठेवायची. किमान! आणि तोवर बिल्डर माझ्यासाठी फ्लॅट धरून बसणार होता का?

शेवटी मीच त्या जुन्या शाखेत अर्ज दिला: सोडलेले 65 हजार मी भरतो, बदल्यात खातं 'क्लोज्ड' म्हणून कळवा आणि नो ड्यूज (काही बाकी नाही असा दाखला) द्या. मॅनेजरनी अर्ज दोनदा वाचला. त्यांच्याकडे लोक कमी करा म्हणून येतात. वरून लेखी मंजुरी आली, मग पैसे भरले, नोंद बदलली, लोन झालं. दादाच्या लेखी मात्र मी बँकेने सोडलेले पैसे घरपोच नेऊन देणारा येडा. वर काकू म्हणाल्या, भावाला कमीपणा आणलास. बँकेने सोडले म्हणे. माझ्या फायलीवर ते पाच वर्षं ठाण मांडून होते, ते कुणी सोडले होते?

असो, तुमचं. येत्या दोन-चार वर्षांत होम लोन काढायचं असेल तर सेटलमेंटच्या भानगडीत पडू नका. व्याज-दंड कमी करून मागा, पण खातं 'क्लोज्ड' होईल असं लेखी घ्या आणि मगच भरा. एजंटच्या यूपीआयवर एक रुपया टाकायचा नाही, थेट बँकेच्या खात्यात. येणं दुसऱ्या कंपनीला विकलं असेल तर तसं पत्र आधी मागा. भरूनही नोंद बदलली नाही तर सिबिलकडे ऑनलाइन तक्रार करा. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी लागते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल 2024 पासून लागू आहे. स्वतःचा पूर्ण रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो. फक्त आकडा बघू नका, प्रत्येक खात्याची ओळ वाचा.

हो, एक राहिलंच. इतक्या जुन्या कार्डाच्या वसुलीसाठी कोर्टात जायची मुदत साधारण तीन वर्षांची असते, तुमची बहुधा टळली असेल. पण 'बाकी देईन' असं सहीनिशी लिहून दिलंत तर तो नवा करार होऊ शकतो, म्हणून एजन्सीच्या कागदावर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. आणि खरंच पैसे नसतील, कर्जही काढायचं नसेल, तर 15 हजारांत सेटल करा. 'राइट-ऑफ'पेक्षा ते बरंच. फक्त त्या कार्डाला कुणी जामीन किंवा ॲड-ऑन कार्डवाला (तुमच्याच खात्यावर जादा कार्ड घेतलेला) असेल तर त्याला आधी फोन करा.